मुठीची खूण

यार्डवाला: शेपूट बघा दादा या छोट्या खोदाई मशीनचं. भिंतीला खेटून वळवलं तरी मागचा भाग ट्रॅकच्या बाहेर येत नाही.

बाबा: शेपूट नंतर बघू. आधी वजन सांग.

यार्डवाला: पावणेदोन टन.

बाबा: कागदावरचं की खरं? डिझेलची टाकी, जास्तीच्या बकेटी, बांधायच्या साखळ्या, सगळं धरून बोल. ट्रेलर या मास्तरीणबाईंना ओढायचाय. चढावर पिकअपचं नाक वर गेलं तर मलाच शिव्या खाव्या लागतील.

मुलगी: शिव्या कधी दिल्या मी?

बाबा: तोंडाने नाही दिल्यास. गियर टाकताना कळतात.

यार्डवाला: सगळं धरून दोनच्या आत. तुमच्या ट्रेलरला आरामात झेपेल. जुन्या मशीनसारखं ट्रकवाल्याच्या पाया पडायला नको.

बाबा: जुन्याचं नाव काढू नकोस. गेलं ते गेलं. बकेट धरून बाजूला हलव बघू. मुळाशी पिना खुळखुळतात का?

मुलगी: मी बघितलं बाबा. खेळ नाहीये, पिना घट्ट आहेत. रबरी ट्रॅकलाही चिरा नाहीत. आणि रुंदी अशी की दोन घरांमधल्या बोळातूनसुद्धा आत जाईल.

बाबा: हं. सीटमागचा व्हॉल्व फिरव रे, दांड्यांची कामं बदलतील. बूम डाव्या दांड्यावर घे.

यार्डवाला: डाव्या? दादा, जन्मभर तुम्ही बूमचं हे धूड उजव्या हाताने उचललंत.

बाबा: म्हणूनच डाव्याने उचलतो आता. त्याला कधी काही काम दिलं नाही, ताजा आहे. उजव्याकडे पुढचा आर्म जवळ ओढायचा आणि बकेट वळवायची, एवढं तो करेल.

यार्डवाला: उजवा हात ऐकेल?

बाबा: बायको सोडली तर माझं सगळ्यांनी ऐकलंय. फिरव.

मुलगी: बाबा, पायरी. डावा पाय आधी.

बाबा: दिसतंय मला. पाणसळ आण तू. यार्डाच्या त्या कोपऱ्यात छोटा चर काढतो. तळ सपाट आला तर मशीन घ्यायचं, नाही आला तर नाही. दरवेळी असंच घेतलंय.

(इंजिन सुरू होतं. मुलगी आणि यार्डवाला चराच्या टोकाशी उभे राहतात.)

यार्डवाला: मघाशी आल्या आल्या त्यांनी मला डावा हात दिला.

मुलगी: हो.

यार्डवाला: डॉक्टर काय म्हणतात?

मुलगी: उजव्या अंगात जेवढं बळ परत यायचं होतं तेवढं आलं म्हणाले. आता यापुढे फार आशा धरू नका.

यार्डवाला: दादांना माहीत आहे?

मुलगी: त्यांच्यासमोरच सांगितलं. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, पोरगा नवीन आहे, शिकेल.

यार्डवाला: मग इथे कशाला आणलंस त्यांना?

मुलगी: घरी ते खुर्ची भिंतीकडे करून बसतात, काका. टीव्हीकडे नाही, खिडकीकडे नाही. भिंतीकडे. परवा मी म्हटलं, छोटं मशीन बघायला जाऊया का? तर उठून दाढी केली.

यार्डवाला: बघ, बूम खाली यायला हवं होतं, वर गेलं.

मुलगी: जुनी सवय आहे. जाईल.

यार्डवाला: तू हाताने काय करतेस हे?

मुलगी: इंजिनच्या आवाजात शब्द पोचत नाही. त्यांनी बकेट वर घेतली की मी तळावर पाणसळ ठेवते. तळवा खाली केला की अजून काढा. तळवा वर, खोल गेलं, भरून घ्या. हात आडवा म्हणजे जागच्या जागी थांबा. आणि मूठ म्हणजे झालं, सपाट आहे. मी कॉलेजात होते तेव्हापासून सुट्टीत हेच करायचे.

यार्डवाला: तिथून त्यांना पाणसळीतला बुडबुडा दिसतो?

मुलगी: बुडबुडा कसा दिसेल? त्यांना मी दिसते.

यार्डवाला: आर्म ओढताना बूम उचलायला उशीर होतोय त्यांना. जवळचं टोक खोल जातंय.

मुलगी: काका, जरा गप्प बसाल?

यार्डवाला: बसलो.

मुलगी: अजून एकदा. हां. हळू बाबा. हां…

यार्डवाला: मूठ दाखवलीस?

मुलगी: हो.

यार्डवाला: सपाट आलं?

मुलगी: तुम्ही तिकडे बघू नका.

यार्डवाला: अगं, बुडबुडा पार कडेला गेलाय.

मुलगी: दिसतंय मला. त्यांच्याकडे बघा. हसताहेत. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसलेत. तुम्ही काही बोलू नका. तुम्हाला माझी शपथ आहे.

यार्डवाला: मशीन विकणं माझा धंदा आहे, पोरी. पण असं…

मुलगी: इंजिन बंद केलं त्यांनी. गप्प.

बाबा: काय मास्तरीणबाई, पास का नापास?

मुलगी: पास. बुडबुडा मधोमध होता.

बाबा: पाणसळ उचललीस लगेच?

मुलगी: माती लागली होती. पुसून ठेवली.

बाबा: बरं केलंस. तू का रे तोंडात गुळणी धरून बसलायस? एरवी बिघडलेला कंप्रेसरसुद्धा नवा म्हणून गळ्यात मारतोस. आज बोल की, घ्या म्हणून.

यार्डवाला: मी… ऑफिसात जाऊन येतो. फोन वाजतोय वाटतं.

बाबा: कुठेही फोन वाजत नाहीये. उभा राहा इथे.

मुलगी: बाबा, बांधून घेऊया का? मी रॅम्प खाली करते.

बाबा: थांब जरा. शेवटच्या वेळी बकेट जवळ आली तेव्हा मशीनचं पुढचं अंग उचललं गेलं. बकेट रुतल्याशिवाय तसं होत नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, बुडाला कळतं. म्हटलं, आता मास्तरीणबाई तळवा वर करणार. तू मूठ केलीस.

मुलगी: पण तुम्ही तर हसत होता.

बाबा: तुझं तोंड बघून हसलो. लहानपणी कप फोडून, तुकडे पाठीमागे धरून उभी राहायचीस. अगदी तेच तोंड.

मुलगी: बाबा, मला वाटलं…

बाबा: काय वाटलं ते कळलं मला. पुन्हा दाखव ती मूठ. माझ्याकडे बघून.

मुलगी: नाही दाखवता येत.

बाबा: त्या शाळेचं काम आठवतं? भिंतीला लागून चर काढत होतो. तू मध्येच हात आडवा केलास आणि मी थांबलो. का म्हणून विचारलं नाही. खाली उतरून बघितलं तर बकेटच्या दाताखाली विजेची केबल होती, चालू.

मुलगी: आठवतं.

बाबा: तुझा हात आडवा झाला की मी थांबणार, मूठ झाली की उतरणार. मध्ये विचार करायला जागाच नसते. माझा हात गेला, चालेल. म्हातारा झाला की काही ना काही जातंच. तुझाही गेला तर मी कोणाच्या भरवशावर खणायचं?

मुलगी: पुन्हा नाही होणार.

बाबा: होईल गं. माया आहे ना, होणारच. पुढच्या वेळी कोणाच्या तरी घराच्या भिंतीलगत होईल.

यार्डवाला: दादा, एक बोलू? मशीन महिनाभर बाजूला ठेवतो. व्यायाम करा, हात सुधारला की या.

बाबा: नको. चांगलं मशीन आहे, विकून टाक. नुसत्या उभ्या मशीनचे रबरी सील सुकतात.

मुलगी: मी शिकते ना चालवायला. तुम्ही खाली उभं राहून मला खुणा करा. त्या तर डाव्या हाताने करता येतील.

बाबा: येतील.

मुलगी: मग?

बाबा: आज विचारू नकोस, बाळ. मी अजून त्या सीटवरून नीट उतरलेलो नाही.

मुलगी: बरं.

बाबा: फावडं कुठाय रे?

यार्डवाला: राहू द्या दादा. माझा माणूस बुजवेल चर.

बाबा: दुसऱ्याच्या आवारात खणलं की बुजवून जायचं. आण.

मुलगी: द्या इकडे. मी लोटते माती, तुम्ही पायाने दाबा.

बाबा: डावीकडे अजून टाक. हं. बास, बास. आता कोणाला कळणार नाही इथे काही खणलं होतं.

यार्डवाला: चहा सांगू?

बाबा: पुढच्या वेळी. तुला एखादा कंप्रेसर खपवायचा असेल तेव्हा पाज. व्हॉल्व परत फिरवून ठेव बरं का. नाहीतर पुढचा माणूस बसेल आणि बूम तुझ्याच डोक्यात घालेल.

यार्डवाला: ठेवतो. या दादा.

मुलगी: बाबा, बसा तुम्ही आत. मी दार लावते.

बाबा: रॅम्पच्या पिना बघितल्यास?

मुलगी: बघितल्या.

बाबा: दोन्ही?

मुलगी: दोन्ही. पट्टा इकडून घ्या. थांबा, मी लावते.

बाबा: लावतो मी. जरा वेळ लागेल, एवढंच. हं, लागला. चल.

मुलगी: निघू?

बाबा: हळू चालव. रिकामा ट्रेलर फार आपटतो.

मुलगी: सकाळी येतानाही रिकामाच होता, बाबा.

बाबा: हो, नाही का. तेव्हा ऐकू आला नाही.