सगळ्यांचं शंभर

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन शिक्षिका. एकीने गालाला रुमाल धरलेला. विचारत होती ती दुसरी.

"अगं, तुझ्या ऑनलाइन तक्त्याचं काय झालं? सगळा वर्ग मिळून भरतो तो?"

"भरला की. शाळेचे थर्मामीटर दिले. पाणी किती अंशांवर उकळतं ते घरी मोजा, म्हटलं. सगळ्यांचं शंभर."

"मग बरंय की!"

"डोंबलाचं बरंय! आपण राहतो एवढ्या उंचावर. इथे पाणी पंच्याण्णवालाच उकळतं. कुणी गॅससुद्धा पेटवला नाही, पुस्तकातून उतरवलं."

"एकानेही मोजलं नाही?"

"एकीने मोजलं. पंच्याण्णव लिहिलंही. मग इतरांचे आकडे दिसले, तसं खोडून शंभर केलं. तक्त्यात आधीचं दिसतं ना."

"तिला सांगायचंस, तुझंच बरोबर होतं म्हणून."

"सांगितलं. तर म्हणते, मग मॅडम, बाकीच्यांना पूर्ण गुण कसे?"

"दिलेस तू?"

"हेडसर म्हणाले, अख्खा वर्ग नापास दाखवणार का? पालकांना तुम्हीच तोंड द्या."

"मग तिला काय म्हणालीस?"

"दाढ ठणकतेय गं. बोलवत नाही."