डिकी उघडणार नाही!

...नाही, पण मला एक सांगा, हक्क माहीत असताना माणसाचं असं व्हावं? अडाण्याचं झालं तर आपण म्हणतो, बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं हो! पाठ होतं! आमची भाची तेओदोरा बेलग्रेडला वकिलीचं शिकते, तिनं मला समोर बसवून पढवलं होतं, "मामा, पोलिसानं अडवलं तर घाबरायचं नाही, कागद दाखवायचे, कशाला अडवलं ते विचारायचं, खोटं बोलायचं नाही, पण गप्प बसायचा हक्क आहे तुला! आणि धड कारण सांगितल्याशिवाय डिकी उघडायची नाही!" म्हणजे बघा, कायदा माझ्या बाजूनं होता.

आता डिकीत काय होतं? राकिया होती. प्लमची. सासुरवाडीच्या शेडमध्ये, सासऱ्यांच्या मागं उरलेल्या भट्टीत, माझ्या हातानं गाळलेली, भला थोरला कॅन भरून. परवाना? अहो, परवाना काढून कुणी घरच्या पाहुण्यांसाठी गाळतं का? आणि दुपारी आमच्याकडं स्लावा, घराण्याच्या देवाचा दिवस, संत मिखाईल! अख्खी आळी येणार, आणि रादिसावच्या घरी राकिया नाही? उभ्या जन्मात कुणी तोंड बघितलं नसतं माझं! म्हणून पहाटे सासुरवाडीला गेलो, कॅन डिकीत घातला, सासूबाईंना मागच्या सीटवर घातलं आणि निघालो.

आणि पुलाच्या अलीकडं... हात! दोघं होते. एक पोक्त, मिशीवाला, मिलोराद नाव, हे मी विचारून घेतलं, तोही हक्कच आहे! दुसरा कोवळा, वुकाशिन, मिशी यायची होती. मी काच खाली केली, कागद दिले, आणि शांतपणे म्हटलं, "साहेब, कशाला अडवलंत?" तो म्हणाला, "गाडी मागून दबलीय. डिकीत काय आहे?"

आली का वेळ! मी ताठ बसलो. म्हटलं, "मला गप्प बसायचा हक्क आहे."

आणि मागून आवाज, "काही नाही रे बाळा, सामान आहे, आज आमच्याकडं स्लावा ना!"

तुम्हाला सांगतो, हक्क एकट्याचा असून भागत नाही, तो गाडीतल्या प्रत्येकाला वापरता यायला हवा! मी म्हटलं, "सासूबाई, तुम्हालाही गप्प बसायचा हक्क आहे!" तर म्हणतात, "मला कशाला? मी काय कुणाची कोंबडी चोरलीय?" आणि त्या वुकाशिनला विचारतायत, कुणाचा रे तू? जेवलास का? आणि वर, "आमच्या लेकीचं घर नदीच्या रस्त्याला हो, पिवळ्या फाटकाचं, कुणालाही विचारा, जावईबापू बोलायला फटकळ आहेत पण स्लावा झोकात करतात!" देसांकाबाई म्हणतात त्यांना. सासरे बिचारे शेडमध्ये जाऊन भट्टी लावायचे ते राकियासाठी नव्हे, जरा शांतता मिळावी म्हणून, असं माझं मत आहे.

पण मी डगमगलो नाही. कायदा माझ्या बाजूनं होता ना! म्हटलं, "साहेब, दबलेली गाडी हे काही कारण नव्हे. गाडी दबलीय कारण मागं सासूबाई बसल्यात."

मिलोराद वाकला. मागं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. आणि मान डोलावली! पटलं त्याला! सासूबाईंना मात्र नाही पटलं, त्यांनी पिशवी घातली माझ्या पाठीत, पण ते जाऊ द्या, ते घरचं प्रकरण. कोवळा म्हणतो, "साहेब, उघडायला लावू का?" मी म्हटलं, "कोर्टाचा कागद आणा, मग उघडतो!" आणि मिलोरादनं माझे कागद परत दिले हो! "बरोबर आहे यांचं," म्हणाला. "जाऊ दे." नुसता गेलो नाही मी तिथून, हॉर्न वाजवत गेलो!

घरी आलो. मेणबत्ती पेटली, पाद्री येऊन गेले, देवाचा पाव कापून झाला, माणसं भरली, राकिया फिरायला लागली. मी यजमान, म्हणजे दिवसभर उभा. यजमानानं बसायचं नसतं, सगळ्यांना वाढायचं असतं. तेओदोरापुढं तर मी तो पुलावरचा किस्सा तीनदा सांगितला, उभ्या उभ्या, अभिनयासकट. तिसऱ्यांदा सांगत होतो, "कोर्टाचा कागद आणा!"... आणि दार वाजलं.

मिलोराद! इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून चापलेले, एका हातात वाइनची बाटली, दुसऱ्या हातात कॉफीचा पुडा. मागं वुकाशिन. "देवाच्या दिवसाच्या शुभेच्छा, यजमान!"

तेओदोरा माझ्या कानाशी, "मामा, घरात घ्यायचं नाही! कोर्टाच्या कागदाशिवाय पाऊल टाकता येत नाही त्यांना!" अगं बाई, हे पुस्तकात! स्लावाला आमंत्रण कुणालाच नसतं, जो येईल तो पाहुणा, आणि दारातून माणूस परत पाठवला तर देव घरातून उठून जातो! शत्रू आला तरी आत घ्यावा लागतो, ही तर साधी पोलिसातली माणसं! कायदा माझ्या बाजूनं होता, कबूल, पण उंबऱ्यावर कायद्याला विचारतो कोण? आणि आतून सासूबाई, "आलास का रे बाळा? ये, ये, माझ्याशेजारी बस!"

झालं! सकाळी मी बसलेला आणि ते उभे, आता ते बसलेले आणि मी उभा, बाटली घेऊन! मिलोरादनं पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हीच! पुलावर डिकीतून हिचाच वास येत होता."

मी बाटली टेबलावर ठेवली हो. म्हटलं, "साहेब... म्हणजे सकाळी तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाक आहे की मला," म्हणाला.

"मग सोडलंत कशाला?"

"तुम्हीच म्हणालात ना, कोर्टाचा कागद आणा. कागद यायला पुढला आठवडा उजाडला असता. आणि तेव्हासुद्धा काय, कॅन सरकारजमा, आम्हाला थेंब नाही. स्लावा तर आजच होती." आणि ग्लास पुढं केला. "घाला."

घातली. पुन्हा घातली. कॅनच्या तळाशी खडखडाट होईस्तोवर घातली! जे सरकारला जमलं नाही, ते दोघांनी माझ्याच टेबलावर, माझ्याच हातून, माझ्याच ग्लासातून केलं, आणि तक्रार कुणाकडं करू? पोलिसात?

निघताना मिलोरादनं मला मिठी मारली, तीनदा गालाचे मुके घेतले. आता एकदा स्लावाला आलेला माणूस जन्मभर येतो, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. फाटकाशी थांबला, मागं वळला, आणि अगदी आपुलकीनं म्हणतो,

"यजमान, एक सांगू? या वर्षी जरा कमी पडली हो. पुढच्या वर्षी चौकीतले सगळे येणार म्हणतायत, तर आणखी एक कॅन घेऊन या. पुलावर आम्हीच असू... तुम्ही थांबूसुद्धा नका."