फंडाचा साहेब आणि माझं पायताण

मी गप बसलो की घोटाळा हुतो, हे आमच्या घरात कुणाला पटत न्हाय.

सरकारचा एक फंड हाय. देशातलं उद्योग वाढावंत म्हणून कारखान्यात पैसं घालतो आणि हिस्सा घेतो. माझ्या लेकीला, सुनंदाला, तिच्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत नवी भट्टी पायजे हुती, म्हणून फंडाचा साहेब बघायला आलता. तिनं मला आधीच दम दिला, "आबा, तुमच्या तोंडामुळं काम फिसकटंल. आज एक शब्द बोलायचा न्हाय."

न्हाय बोललो. साहेब बोलता बोलता नुकत्याच फोडलेल्या साच्याच्या तापल्या वाळूवर जाऊन उभा राहिला, तरी न्हाय बोललो. बुटाचा तळ वितळला, तसा गडी बोंबलत उडाला.

"आबा, सांगायचं की!" सुनंदा रडकुंडीला आली.

"तूच गप बसवलंस न्हवं?"

साहेब मात्र हसाय लागला. "इथलं लोखंड चांगलं तापतं, एवढं कळलं!" माझं कोरं पायताण घालून गेला. फंडानं हिस्सा घेतला, भट्टीबी बसली.

परवा मी साहेबाला फोन करून पायताण मागितलं. म्हणतो, "आजोबा, मालक तुम्हीच. आमचा फक्त हिस्सा."

म्हटलं, "मग डावं ठेवा, उजवं धाडून द्या."