शिफारस कुणाची?

युजरला निवड द्या म्हणणाऱ्यांना एकदा आमच्या लिमये सरांकडे पाठवा. निवृत्त मुख्याध्यापक, विश्रांतवाडीत वाचनालय चालवतात. पुस्तकांच्या देवघेवीचा त्यांचा प्रोग्रॅम मी लिहिलाय. तो ज्या रनटाइमच्या जोरावर चालतो, त्याची जुनी आवृत्ती वापरायची की नवी, हे निवडायची सोय परवा करून दिली. नवीपुढे लिहिलं, ‘शिफारस केलेली’.

लगेच फोन. “अहो, शिफारस कुणाची?”

“माझीच, सर.”

“वा! माल तुमचा, शिफारसही तुमचीच. मग जुनी कशाला ठेवलीत?”

“नवी नाही चालली तर असावी म्हणून.”

“म्हणजे तुमचाच भरवसा नाही. शाळेत मी शिफारशीवर एकही प्रवेश दिला नाही.”

जुनी निवडून मोकळे! त्यावर प्रोग्रॅम सारखा अडकायला लागला, पुस्तकं बदलायला आलेले लोक ताटकळायला लागले, तरी सर ढिम्म. शेवटी वैतागून मी ‘शिफारस’ हा शब्दच काढून टाकला. म्हटलं, आता तरी नवी घेतील.

पुन्हा फोन. या वेळी आवाज एकदम हळू.

“खरं सांगा, शिफारस मागे का घेतलीत? कुणाचा दबाव आला?”