कॉर्टराइटांच्या शेतातला दगड

सुमित्रा उल्हास राजवाडे, वय ६२, निवृत्त शिक्षिका, मूळ राहणार नागपूर, सध्या मुलगा गिरीश याच्याकडे, पार्सिपनी, न्यू जर्सी. इथे पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते, ते माझी सून उत्तरा इंग्रजीत करून देत आहे.

गिरीशनं घरासाठी गावाबाहेर जमीन घेतली. विकली एका कंपनीनं, पण पिढ्यान्‌पिढ्या कसत आले कॉर्टराइट. मालकीवरून दोघांचं भांडण जुनं. आम्हाला काय ठाऊक! आज, ऑक्टोबर १९८४ मधल्या या रविवारी, सकाळी भूमिपूजन होतं. बांधाशी एक ओबडधोबड दगड उभा दिसला. शेतात उभा दगड म्हणजे जागेचा राखणदार. त्याला विचारल्याशिवाय कुदळ मारायची नसते. शेंदूर नव्हता, कुंकवावर भागवलं. शेवंती वाहिली, दहीभात ठेवला.

तेवढ्यात वीसेक माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. नवं कुंपण तोडलं, खुंट्या उपटल्या. गिरीश आडवा गेला, त्याला ढकललं; कोपर फुटलं. तो ओरडला, "आई, तू कारमध्ये बस! उत्तरा, समोरच्या घरातून पोलिसांना कॉल कर!" मी बसले नाही. शौर्य वगैरे काही नाही, दगडापाशीच उभी राहिले.

पुढे म्हातारे मिस्टर कॉर्टराइट होते. दगडापाशी येताच थबकले. कुऱ्हाड खाली ठेवली, टोपी काढली. मग एकेक करत सगळ्यांनी काढल्या. एवढा दंगा असा गप्प झालेला मी जन्मात पाहिला नाही.

त्यांनी विचारलं, "इथे कोण आहे, तुम्हाला कसं कळलं?"

उत्तरा फोन करून परतली होती. ती कुजबुजली, "आई, ठाऊक होतं म्हणा ना, प्लीज."

दगडासमोर खोटं बोलवेना. म्हटलं, "ठाऊक नव्हतं. आम्ही नाव न विचारताच हात जोडतो."

ते म्हणाले, "हा आमचा मूळपुरुष, इथेच पुरलेला. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा याच जमिनीवरचं कुंपण तोडलं म्हणून त्याच्यावर दंग्याचा खटला भरला. तुरुंगातच वारला. वाटलं, तुम्ही याच्यावर बुलडोझर फिरवणार. फूल मात्र आम्हीही कधी वाहिलं नाही." एवढा उंच माणूस, रडत होता.

मग पोलीस आले. बाकीचे पांगले, पण ते स्वतःची गाडी चालवत इथे ठाण्यात आले आणि 'दंगा करणाऱ्यांत माझं नाव पहिलं लिहा' म्हणाले. बाहेर बाकावर बसले आहेत.

दंग्याची फिर्याद द्यायची का, असं साहेब विचारतात. कुंपण तुटलं, कोपर फुटलं, सगळं लिहा. गिरीश माझ्यावर चिडला आहे, त्याचंही चूक नाही. पण ज्याच्या थडग्याला मी आज हात जोडले, त्याच्या वंशजाला त्याच गुन्ह्यात मी कोंडणार नाही.

उत्तरानं हे सगळं मला मराठीत वाचून दाखवलं. मी बोलले तसंच आहे. खटला नको, या ओळीखाली सही करते.