डेविडच्या वाटणीची मूठ

लढाईचे दिवस होते. कर्जतला रेशनच्या तांदळासाठी सकाळपासून रांग लागायची. द्वारकेच्या पुढं चंद्राबाई आणि तिची ख्रिस्ती शेजारीण रूथ पिशव्या सांभाळत उभ्या होत्या. द्वारकेला ऐकायचं नव्हतं, पण कान झाकता येतात थोडेच!

"रूथ, रांधायच्या आधी तुमच्या देवळासाठी मूठभर तांदूळ काढायचीस, ते अजून काढतेस का गं?"

"नाय. डेविड लढाईत कामी आल्याचं कळलं, तवापास्नं बंद. ते मडकंच पालथं घातलं."

"पाळकसाहेब काय बोलले नाय?"

"आले व्हते. मी म्हटलं, माझा पोर नेला, आता तांदूळ कशाला मागतो तुमचा देव?"

"अगं बाई! मंग?"

"चहा पिऊन गेले बिचारे."

"आन् प्रार्थना?"

"ती बी नाय."

"मंग रोज सांजच्याला ताट झाकून कुठं जातेस?"

"आबाजीकडं. म्हातारा एकलाच हाय, डोळ्यांनी दिसत नाय."

"तुमी बाटलात म्हणून तुला विहिरीवरनं हाकललं, त्यो आबाजी?"

"त्योच."

"त्याला कशापायी गं?"

"भात उरतो. किती ध्यान ठेवलं तरी डेविडच्या वाटणीची मूठ भांड्यात पडतेच. टाकवत नाय."

रांग पुढं सरकली. द्वारका जागीच उभी राहिली, तेव्हा मागच्या बाईनं तिला ढोसलं.

"खातो का त्यो तुझ्या हातचं?"

"खातो. पण आधी हात जोडून बसतो. म्हणतो, तुझ्या देवाला काय म्हणायचं असंल ते म्हण."

"मंग?"

"मंग काय, म्हणते. त्याबिगर त्यो घास घेत नाय, आन् भात निवतो ना गं तवर."