शिवणाची खोली

ऑफिस म्हणता? बरं, कागदावरही तुम्ही ऑफिसच लिहिलंय — पण ब्रँट, ऑफिसच्या छताला चमकणाऱ्या चांदण्या कोण चिकटवतं हो? नाही, मी चिडलेलो नाहीये. एकतीस वर्षं या गावातली तळघरं तपासतोय, मला काय नवं आहे त्यात? झोपायची खोली म्हटली की माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी लागते, ती करायची तर पायाची काँक्रीटची भिंत कापावी लागते, बाहेर अंगण खणावं लागतं — मग आपली मिनेसोटाची हुशार मंडळी काय करतात? झोपायची खोली असं लिहीतच नाहीत. ऑफिस, व्यायामाची खोली, शिवणाची खोली. अख्ख्या गावाला शिवणाचं केवढं वेड! आणि तपासणीच्या दिवशी पलंग गॅरेजमध्ये. तुमचाही तिथेच असणार. लेक केवढी आहे? नऊ. हं.

टेपचं हे टोक धरा जरा. खिडकीची उंची — चौदा इंच. निदान चोवीस लागते. आणि जमिनीपासून खिडकीची कड पाच फुटांवर, चव्वेचाळीस इंचांच्या आत हवी. खुर्ची ठेवू म्हणता? धुरात खुर्ची सापडते का हो? — जाऊ दे, तुम्हाला कसं ठाऊक असणार.

माझी बहीण मार्लिस इथून चार गल्ल्यांवर राहायची. तिची पोरगी जनेल, नर्स, रात्रपाळीची. सकाळी आठला घरी येणार आणि दिवसा झोपणार, म्हणून तिला अंधारी खोली हवी होती. "मामा, मोठी खिडकी नकोच, ऊन येतं" — असं मलाच म्हणाली, माझ्या ताटात दुसऱ्यांदा बटाटा वाढता वाढता. माझा मेहुणा ड्वेन तर खूशच झाला, भिंत कापायची वाचली. तपासायला मी गेलो तेव्हा खोली रिकामी होती. शिलाई मशीन, एक स्टूल, बस्स. आता रिकाम्या खोलीला मी काय म्हणणार? शिवणाची खोली — पास. तिथे कुणी झोपणार हे मला कुठून कळणार? सगळ्यांना मी हेच सांगितलं. म्हणजे, कुणी विचारलंच नाही म्हणा, मीच सांगत सुटलो.

फेब्रुवारीत, सकाळी अकराला. जिन्याखालच्या कपडे वाळवायच्या मशीननं पेट घेतला, जिना गेला. मार्लिस दुकानात, ड्वेन कामावर. शेजारचे म्हातारे पावलाक फावड्यानं बर्फ ओढत होते, त्यांना काच फुटल्याचं ऐकू आलं. खिडकीतून हात बाहेर आला होता. त्यांनी तो धरला — करणार काय, तीही चौदाच इंचांची, त्यातून माणूस ओढून निघत नाही — बर्फात पालथे पडून बंब येईपर्यंत धरून होते. तिनं कधी सोडला ते मी त्यांना विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही. कुठल्याही तळघरात उतरलो की मी आधी खिडकी बघतो, आणि तिथे तो हात असतो. — वळून बघू नका, तुम्हाला नाही दिसायचा.

गादी काय जड होती हो! जिन्याच्या वळणावर अडकली, ड्वेन खालून ओढतोय, मी वरून ढकलतोय, दोघंही हसतोय…

हो. मीच उतरवली. तपासणीच्या आदल्या शनिवारी. घर गरम करायच्या भट्टीमागे उभी करून वर चादर टाकली, सोमवारी गळ्यात ओळखपत्र अडकवून तपासायला आलो, त्या चादरीसमोर उभं राहून सही केली, आणि संध्याकाळी पलंग जोडायला परत मीच. ड्वेन हे कुणाला बोलला नाही. मेला तोवर बोलला नाही. आणि मार्लिस — ती अजून चर्चमध्ये लोकांना सांगते, "खोलीत काही खोट नव्हती, माझ्या भावानं स्वतः तपासली होती. देवाचीच इच्छा." माझ्या त्या सहीच्या आधारावर ती एकोणीस वर्षं जगतेय, ब्रँट. तो आधार काढून घ्यायचा तर मी कोणत्या तोंडानं जाऊ?

हे लाल कार्ड दारावर लावतोय. आज पोरीचं अंथरूण वर, तुमच्या खोलीत. वरिष्ठांकडे तक्रार करणार? करा ना, नंबर कार्डावर आहे. आता ऐकलंत तेही सांगा त्यांना. मार्लिसच्या कानावर गेलं तर — जाऊ दे. एकदाचं जाऊ दे.

नाही, मी ठीक आहे. तुम्ही वर जा. दिवा राहू द्या. जा म्हटलं ना.